एनसीव्ही-ईएमजीला, म्हणजे नसा आणि स्नायूंच्या तपासणीला पहिल्यांदाच जाताय ना?

दादा, उपाशी जायची गरज नाही, जेवून जा. फक्त हातापायांना तेल-क्रीम लावू नका, अंगठ्या घरीच ठेवा. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एनसीव्हीत, म्हणजे नसांच्या तपासणीत, विजेचे छोटे झटके बसतात, बोटं आपोआप उडतात. पहिल्याला मी दचकलो, नंतर हसूच आलं. हात गार असले तर नसांमधून संकेत जायचा वेग कमी दिसतो, म्हणून एसीत बसताना शाल घ्या.

ईएमजीची सुई मात्र टोचते, खोटं कशाला सांगू! पण तिच्यातून करंट सोडत नाहीत, ती स्नायूतले संकेत टिपते. स्नायू आवळला की मशीन पत्र्यावरच्या पावसासारखं तडतडतं. ती जागा १-२ दिवस दुखते.