बोन्साय म्हणून कुंडीत लावलेल्या रॉकी माउंटन जुनिपरच्या जुन्या खोडावर इतोइगावाची पालवी कलम करता येईल का?

हो, येते. रॉकी माउंटन जुनिपर हे अमेरिकेतल्या डोंगरांतलं सदाहरित झाड, तर इतोइगावा हा शिंपाकूचा, म्हणजे जपानी जुनिपरचा, एक प्रकार. खोड देखणं, पण पालवी विरळ, लोंबती आणि कितीही छाटली तरी गच्च होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. या जातीचा स्वभावच तो आहे. जपानमध्येही डोंगरातून आणलेल्या जुन्या शिंपाकूची भरड पालवी आवडली नाही, तर त्यावर इतोइगावा चढवतात. निगाता प्रांतातल्या इतोइगावा शहरावरून हे नाव आलं. तिची पालवी बारीक आणि तजेलदार हिरवी असते. किशू हा शिंपाकूचाच दुसरा प्रकार, जरा जाड, पण जोमदार. पहिल्या कलमासाठी मी किशूच सुचवेन.

पद्धत भेट कलमाची ठेवा, म्हणजे रोप कुंडीतच ठेवून त्याची फांदी झाडाला जोडायची. कोकणात पूर्वी आंब्याच्या फांदीजवळ माच बांधून त्यावर रोपाच्या कुंड्या ठेवत, तेच हे, फक्त उलटं. तिथे कुंडीतल्या रोपाचं मूळ राखतात, इथे त्याचा शेंडा. सांधा जुळेपर्यंत शेंडा स्वतःच्या मुळांवर जगत असतो, म्हणून काडी खोचण्यापेक्षा यात धोका कमी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. जुन्या जुनिपरमध्ये मुळापासून फांदीपर्यंत सालीचे जिवंत पट्टे वेगवेगळे जातात. वाळक्या लाकडात कितीही सफाईने चर पाडलात तरी काही जुळणार नाही. जिवंत पट्ट्यातच, रोपाच्या शेलाट्या फांदीच्या जाडीचा चर पाडा. फांदीची साल दोन्ही बाजूंनी तासा, ती चरात घट्ट बसवा, बारीक खिळ्यांनी धरा आणि वर लेप लावा. सालीखालचा ओला थर दोन्हीकडचा एकमेकांना भिडलाच पाहिजे. मी डेन्व्हरला हे काम मेच्या मध्यानंतर, रात्रीचं गोठणं थांबलं की करतो.

मग थांबायचं. एक पूर्ण हंगाम, बहुतेक वेळा दोन. सांध्याच्या वरची फांदी खालच्यापेक्षा जाड दिसू लागली की खोड तिला पोसतंय असं समजा. तेव्हा खालची बाजू अर्धी कापा, काही आठवडे पालवी ताजी राहते का बघा आणि मगच पूर्ण तोडा.

माझं एक झाड मी याच टप्प्यावर गमावलं. कलम लागल्याच्या आनंदात त्याच वर्षी मूळच्या सगळ्या फांद्या काढल्या. जुनिपरचा जोर पालवीत असतो. चिमूटभर नव्या पालवीला एवढी मुळं पोसता आली नाहीत आणि पुढच्या उन्हाळ्यात पट्टा वाळला. फार वाईट वाटलं, कारण ते खोड माझ्या आजोबांच्याही आधीचं असावं. तेव्हापासून नवी पालवी वाढेल तशी जुनी थोडी थोडी कमी करतो, तीन-चार वर्षांत.

तुमचं झाड गेल्या शरद ऋतूतच कुंडीत आलंय, म्हणजे मुळं अजून बसलेली नाहीत. यंदा त्याला हात लावू नका. तोवर किशूची दोन-तीन रोपं आणा आणि शेंडे न खुडता लांब वाढू द्या. भेट कलमाला तशाच लांब, लवचीक फांद्या लागतील.