कार्डं विकून जर्मनी? आधी भाव नीट वाच

तू दादा म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकचा मेकॅनिकल बीई, सध्या अंबडच्या कारखान्यात नोकरी. बर्लिनच्या एका खाजगी विद्यापीठात डेटा सायन्सला प्रवेश मिळालाय, फी वर्षाला दहा हजार युरोंच्या वर. सरकारी विद्यापीठात अजून अर्जच केलेला नाही. पोकेमॉन कार्डांचा संग्रह भाव दाखवणाऱ्या ॲपवर आठ लाखांचा दिसतो. तो इथे, जर्मनीत, आणून विकायचा आणि पुढे कार्डांच्याच खरेदी-विक्रीवर फी भागवायची.

आधी त्या आठ लाखांचं बघू. ॲपला कार्डाचा नंबर कळतो, पण कार्ड कुठल्या अवस्थेत आहे ते कळत नाही. 1999 च्या इंग्रजी बेस सेटमधला, म्हणजे पहिल्या संचातला चारिझार्ड, नंबर 4/102, फर्स्ट एडिशन (पहिली छपाई), पीएसए 10 (पीएसए ही कार्डांची अवस्था तपासणारी कंपनी, 10 हा तिचा सर्वोच्च गुण), मार्च 2022 मध्ये 4,20,000 डॉलरला गेला. चित्र तेच, नंबर तोच, पण फर्स्ट एडिशनचा शिक्का नाही आणि कडा पांढऱ्या पडल्यात, तर तीच गोष्ट काहीशे युरोंवर येते. बातमी पहिल्याची होते, आणि आपल्या अल्बममध्ये असलाच तर दुसरा असतो.

युरोपातला भाव बघायचा तर कार्डमार्केट या कार्डं खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर बघ. तिथे भाषा आणि अवस्था लावून शोधता येतं. कोण किती मागतंय याकडे लक्ष देऊ नको, गेल्या तीस दिवसांची सरासरी बघ. आणि ‘निअर मिंट’, म्हणजे जवळजवळ नव्यासारखं, ही अट तू समजतोस त्यापेक्षा कडक. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात होलो (चमकत्या थराची) कार्डं वळतात, आणि इथला खरेदीदार कार्ड उजेडात तिरकं धरून बघतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी ती सोनेरी कार्डं यादीत असतील तर आजच काढून टाक, ती नकलीच. राहिलेला बल्क, म्हणजे किरकोळ कार्डांचा ढीग, दुकानदार एकगठ्ठा घेतो, पण त्यालाही त्यात कमवायचं असतं. मी तुझ्या जागी असतो तर आठ लाखांचे अडीच धरले असते.

सीलबंद बॉक्स ठेवून दिले तर भाव वाढेल, असंही तू लिहिलंयस. वाढेलही. पण छापखान्याची किल्ली कंपनीकडे आहे. नवी छपाई आली की नव्या सेटचे भाव उतरतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉल कार्डं इतकी छापली गेली की लोकांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून जपलेली खोकी आज कवडीमोलाने जातात.

आता कागदपत्रं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. शंभर रुपयांचा युरो धरला तर बारा लाखांच्या घरात. ते रोख लागतात, अल्बम चालत नाही. विमानाने येणाऱ्याला 430 युरोंपर्यंतच्या वस्तूंवर कर नाही, पण विकायला आणलेल्या मालाला ती सवलत मिळत नाही. स्वतःचा जुना संग्रह विकणं वेगळं आणि विकण्यासाठी विकत घेणं वेगळं. दुसरा प्रकार इथे धंदा समजला जातो आणि विद्यार्थी परवान्यावर (विद्यार्थी म्हणून इथे राहण्याच्या परवान्यावर) स्वतंत्र परवानगीशिवाय तो करता येत नाही. वर्षात तीस विक्री किंवा दोन हजार युरो झाले की विक्रीचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म स्वतःच कर खात्याला कळवतो, त्यामुळे ‘कुणाला कळतंय’ हा हिशेब इथे लागू नाही.

आणि तसंही, वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता कंपनीत अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी, म्हणून आठवड्याला वीस तास काम मिळालं तर 2026 च्या किमान वेतनाने, म्हणजे तासाला 13.90 युरोंनी, महिन्याला अकराशेच्या वर होतात. रात्री जागून कार्डं स्लीव्हमध्ये भरून, पाकिटं चिकटवून, पोस्टाच्या रांगेत उभं राहून तेवढं सुटत नाही. वर ते काम सीव्हीवर लिहिता येतं.

खरा प्रश्न पदवीचा आहे. खाजगी विद्यापीठाच्या पत्रकातला ‘सरासरी पगार’ हा मागितलेला भाव समज. तिथून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या भारतीयांना लिंक्डइनवर शोध आणि ते प्रत्यक्षात काय करतायत ते बघ. अभ्यासक्रम किती प्रत्यक्ष आणि किती ऑनलाइन, हे विद्यापीठाकडून लेखी घे. वर्गात बसणं नसेल तर विद्यार्थी परवान्याचा पायाच हलतो. एजंट हे सांगणार नाही, त्याला कमिशन मिळतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, फक्त सत्राचं थोडं शुल्क असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्याकडून सत्राला 1,500 युरो घेतात.

माझं मत विचारशील तर एक वर्ष थांब. अंबडची नोकरी चालू ठेव, जर्मन भाषेची बी-1 ही मधली पातळी तरी कर. एपीएसचा, म्हणजे जर्मनीसाठी भारतीय पदव्या तपासून मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा, अर्ज लगेच टाक, त्याला वेळ लागतो. मग ऑटोमेशन किंवा मेकॅनिकलच्या सरकारी मास्टर्सना अर्ज कर. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलै असते. वाहन उद्योगात इथे सध्या कपात चालू आहे, हे खरं. पण डेटा सायन्सवाल्यांचीही रांग मोठी आहे, आणि कारखान्याचा अनुभव असलेला, जर्मन बोलणारा माणूस त्या रांगेत थोडा वेगळा उभा राहतो.

तोवर सगळ्यांत महागडी वीस कार्डं निवड. भाषा, अवस्था आणि तीस दिवसांची सरासरी लिहून मला पाठव, पुढचे-मागचे फोटो उजेडात काढून. आणि त्या खाजगी विद्यापीठाचा करारही जोड. व्हिसा नाकारला तर भरलेली फी परत मिळते का, ते कलम मला बघायचंय.