नेटवर्कची देखरेख बाहेर देताना

प्रश्न : गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचा कास्टिंगवर मशिनिंग करण्याचा कारखाना आहे. सत्तरएक संगणक, दोन सर्व्हर आणि पुण्याच्या गोदामाशी जोडणारी लाइन हे सारे एकच कर्मचारी सांभाळत होते. ते आता नोकरी सोडत आहेत. एका कंपनीने चोवीस तास देखरेखीचा मासिक करार देऊ केला असून नेटवर्क ९९.५ टक्के वेळ चालू राहील, अशी हमी दिली आहे. करार करावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करार अवश्य करावा, कारण रात्रपाळीत संगणकांना नेटवर्कशी जोडणारा स्विच बंद पडला किंवा सर्व्हरची डिस्क भरत आली, तर ते त्याच क्षणी कळण्याची सोय एका माणसाच्या भरवशावर होत नाही. मात्र आपण देखरेख बाहेर देत आहात, ताबा नव्हे, हे करारात स्वच्छ दिसले पाहिजे.

९९.५ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तीस दिवसांच्या महिन्यात त्याचा हिशेब ३ तास ३६ मिनिटे बंद असा होतो, आणि तेवढा वेळ नेमका माल रवाना होताना गेला, तरी करार पाळला गेला असेच ठरते. म्हणून टक्केवारीपेक्षा बिघाड दुरुस्त होण्याची मुदत लिहून घ्या. ‘तीस मिनिटांत प्रतिसाद’ याचा अर्थ बहुतेक वेळा तक्रारीला क्रमांक मिळाला एवढाच असतो. इंटरनेटची लाइन तुटली, तर सेवादात्याचा पाठपुरावा कोण करणार, हेही आताच ठरवा. वाद हमखास तिथेच होतात.

सर्वांत अधिक काळजी पासवर्डची घ्यावी. फायरवॉल (बाहेरची घुसखोरी अडवणारी यंत्रणा), राउटर आणि डोमेन (कंपनीचे इंटरनेटवरील नाव) यांची मुख्य खाती आपल्या कंपनीच्या नावावर ठेवा, आणि बाहेरच्या प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतंत्र खाते व ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सक्तीची करा. जुलै २०२१ मध्ये कासेया या कंपनीच्या दूरस्थ देखरेखीच्या सॉफ्टवेअरमधूनच, संगणकातील माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोरांनी अनेक देखभाल कंपन्यांच्या ग्राहकांपर्यंत मजल मारली आणि स्वीडनमधील कूप या साखळीला शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. यासाठी बॅकअपची एक प्रत अशा जागी असावी, जिथे देखरेख कंपनीचाही हात पोहोचणार नाही.

कायद्याची बाजूही पाहावी लागेल. सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतील हालचालींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. काम दुसऱ्याकडे दिले, म्हणून ही जबाबदारी आपल्यावरून उतरत नाही. तेव्हा देखरेख कंपनीने आपल्याला किती वेळात कळवायचे, हे तासांत लिहा.

आपले कर्मचारी जाण्यापूर्वी त्यांच्याकडून नेटवर्कचा आराखडा, प्रत्येक उपकरणाच्या कॉन्फिगरेशनची (सेटिंगची) प्रत आणि परवान्यांच्या तारखा लेखी घ्या. करार संपताना हीच कागदपत्रे अद्ययावत स्वरूपात परत देण्याचे कलम घालण्यास कंपनी तयार नसेल, तर दुसरी कंपनी पाहावी.