वाचकांचे प्रश्न : शाळकरी बँड आणि जुनी गाणी

प्रश्न : माझा मुलगा नववीत शिकतो. वर्गातल्या तिघा मित्रांना घेऊन त्याने बँड काढला असून आमच्या गच्चीलगतच्या खोलीत त्यांचा सराव चालतो. ही मुले वाजवतात ती गाणी मात्र सगळी मागच्या पिढ्यांची असतात. राहुल देव बर्मन यांची सत्तरच्या दशकातली किंवा नव्वदच्या दशकातल्या इंडिपॉपची. इतरांच्याच चाली घोटत राहिल्याने त्यांना स्वतःचे काही सुचेनासे होईल का?
– एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तसे होण्याचे कारण नाही. जॉन लेननने १९५६ मध्ये लिव्हरपूलला शाळकरी मित्रांना जमवून ‘क्वारीमेन’ नावाचा बँड उभा केला, तेव्हा ती मुलेसुद्धा रेकॉर्डवर ऐकलेली इतरांची गाणीच वाजवत होती. त्यातून पुढे बीटल्स घडले, आणि १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमवरच्या १४ गाण्यांपैकी ६ गाणी तोवरही दुसऱ्यांचीच होती. तेव्हा गाणे कोणाचे आहे यापेक्षा मुले ते कसे बसवतात, याकडे आपण लक्ष द्यावे, असे मी सुचवेन.

मोबाइलवर तयार कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) शोधायचे, कराओके ट्रॅक लावायचा आणि त्यावर वाजवत राहायचे, ही पद्धत मला मुळीच पसंत नाही, कारण त्यात कानाला काही कामच उरत नाही. सत्तरच्या दशकातले चित्रपटगीत स्टुडिओत पुष्कळ वादक एकत्र बसून वाजवीत असत. त्यात व्हायोलिनचा ताफा असे, तालवाद्ये असत, गिटार आणि बेसही असत. ते सारे चौघांत बसवायचे, तर काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय मुलांनाच घ्यावा लागतो. मुखड्यानंतरच्या म्युझिक पीसमधली (फक्त वाद्ये वाजतात त्या तुकड्यातली) व्हायोलिनची ओळ गिटारने घ्यायची की कीबोर्डने, ती घेताना मागचे कॉर्ड कोणी धरायचे, आणि तबल्याचा ठेका ड्रमवर आणताना कोणते बोल बास ड्रमवर जातील आणि कोणते हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर), असे प्रश्न ती एकमेकांशी वाद घालत सोडवू लागली, म्हणजे संगीतरचनेचे शिक्षण सुरू झालेच असे समजावे.

एक उदाहरण देतो. १९७३ च्या ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया है तुमने’ या गाण्याच्या आरंभी काचेच्या पेल्याची किणकिण ऐकू येते. मुलांनी स्वयंपाकघरातले तीन-चार पेले आणून त्यांवर चमच्याने हलकेच वाजवून पाहावे. पेल्यात पाणी वाढवले की स्वर उतरतो आणि कमी केले की चढतो. गिटारशी जुळणारा स्वर सापडेपर्यंत चमच्या-चमच्याने पाणी काढत-घालत बसण्यात जो कान तयार होतो, तो कोणत्याही शिकवणी वर्गात इतक्या आनंदाने तयार होत नाही.

त्यानंतर त्यांना एकच अट घालावी : प्रत्येक जुन्या गाण्यातला अंतऱ्याआधीचा एक पीस त्यांनी स्वतः बांधायचा. चार मात्रांचा असला तरी चालेल. जी सुचेनाशी होईल अशी आपल्याला भीती वाटते, ती स्वतःची चाल बहुधा याच जागेतून सुचू लागते. (गच्चीलगतच्या खोलीविषयी एक सूचना : मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा गिटार तिथे ठेवू नये. उष्णतेने गोंद मऊ होऊन ब्रिज (तारा अडकवलेली पट्टी) सुटू शकतो.)

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात जुनी गाणी वाजवण्यासाठी परवानगी घ्यावी लागते का?
– एक शिक्षिका, सक्करदरा, नागपूर

उत्तर : गाणे जुने झाले म्हणून ते सर्वांसाठी खुले होत नाही. भारतीय कायद्यानुसार गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, आणि राहुल देव बर्मन यांचे निधन १९९४ मध्ये झालेले आहे. मात्र कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात तिथल्याच विद्यार्थ्यांनी व कर्मचाऱ्यांनी केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे. प्रेक्षकांत विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळीच असतील, तर चिंता नसावी. तिकीट लावून सभागृहात जाहीर कार्यक्रम करायचा असेल किंवा चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकायची असेल, तर मात्र ही सवलत पुरेशी ठरत नाही.

प्रश्न : आमचा पाच मुलींचा बँड आहे. आम्हांला आवडणारी बहुतेक जुनी गाणी पुरुष गायकांची आहेत. मूळ पट्टीत ती फार खाली जातात आणि वरच्या सप्तकात घेतली, तर आवाज फाटतो. काय करावे?
– इयत्ता दहावीतील विद्यार्थिनी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : पट्टी बदला आणि ती बदलताना अजिबात संकोच करू नका. आधी वाद्ये बाजूला ठेवून तुमच्या गायिकेने गाण्यातली सर्वांत खालची आणि सर्वांत वरची ओळ हार्मोनियमवर वेगवेगळ्या पट्ट्यांत गाऊन पाहावी, आणि दोन्ही ओळी जिथे सहज लागतील ती पट्टी कायम करावी. समजा, मूळ गाणे पांढरी दोनमध्ये आहे आणि तिला पांढरी पाच सोयीची पडते. म्हणजे तुम्हांला काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या वर जायचे आहे. कीबोर्डवर ट्रान्सपोज (पट्टी बदलण्याची सोय) पाचने वाढवा. गिटारवादिकेने पाचव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पडद्यावर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला, तर तिची बोटे मूळ कॉर्डच्याच आकारात राहतील. बेस गिटारवर सहसा कॅपो लावत नाहीत; तिथे तोच नमुना पाच फ्रेट पुढे सरकवावा लागेल आणि मोकळ्या तारेवरचे स्वर दाबून वाजवावे लागतील, म्हणून बेस वाजवणाऱ्या मुलीला सरावाला आठवडाभर जास्त द्या.

मुलींच्या आवाजासाठीच घडलेली जुनी पॉप गाणीही जरूर ऐका. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ प्रदर्शित झाला, तेव्हा संगीतकार बिड्डूंच्या चालीवर त्यात गाणारी नाझिया हसन १५ वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची होती. १९९५ चे अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ही घ्या. ही गाणी आधी मूळ पट्टीतच गाऊन पाहा. तिथे पट्टी बदलण्याची गरज कदाचित पडणारही नाही.