पोळी बंद करण्याआधी रक्त द्या

सिलिॲक आजाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा आज घेते. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही जणांची प्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूचे मखमलीसारखे रसांकुर झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हा आजार जन्मभराचा आहे, पण ग्लूटेन कटाक्षाने टाळलं तर आतडं पुन्हा भरून येतं.

प्रश्न : वय 31. पोट सतत फुगायचं, जुलाब व्हायचे. जिममधल्या ट्रेनरच्या सांगण्यावरून चार महिन्यांपूर्वी गहू पूर्ण बंद केला. खूप बरं वाटतं. आता सिलिॲकची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. म्हणजे मला सिलिॲक नाही ना? (नाशिक)

या रिपोर्टवरून 'नाही' म्हणता येत नाही. 'आहे' असंही म्हणता येत नाही. गहू चालू असताना रक्त दिलं असतंत तर उत्तर मिळालं असतं. अशी पत्रं मला सगळ्यात जास्त येतात, म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं.

सिलिॲकसाठी रक्ताची जी तपासणी करतात ती टीटीजी-आयजीए (थोडक्यात टीटीजी). ती ग्लूटेन मोजत नाही. ग्लूटेनमुळे बिथरलेल्या शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीज ती मोजते. गहू थांबला की त्या बनणं कमी होतं आणि काही महिन्यांत पातळी उतरते. आतडंही सावरायला लागतं, त्यामुळे बायोप्सी, म्हणजे दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्याची तपासणी, तीसुद्धा फसू शकते.

आता दोन वाटा आहेत. पहिली जनुकांची, म्हणजे एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 ही तपासणी. तुम्ही काय खाता याचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळपास नक्की नाही आणि विषय तिथेच संपतो. मात्र ती असली म्हणजे आजार आहे असं मुळीच नाही. साधारण तीनातल्या एका माणसात ही जनुकं असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

जनुकं निघाली तर दुसरी वाट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा गहू खायचा आणि मग रक्त द्यायचं. मध्यम आकाराच्या एका पोळीत अंदाजे दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज दोन पोळ्या, सहा ते आठ आठवडे. फारच त्रास झाला तर निदान दोन आठवडे निभवावेत आणि डॉक्टरांना विचारून लवकर तपासणी करावी. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल आणि वाढीच्या ऐन वयातली मुलं यांच्यावर हा प्रयोग करू नये.

बरं वाटतंय तर हा खटाटोप कशाला, असं तुमच्या मनात येईल. सिलिॲक असेल तर चिमूटभर रवासुद्धा जन्मभर चालणार नाही, हाडांची तपासणी करावी लागेल, आई-वडील, भावंडं, मुलं यांचंही रक्त बघावं लागेल. नसेल तर यातलं काहीच नको. आणि त्रास ग्लूटेनचा नसून फ्रुक्टनचाही असू शकतो. फ्रुक्टन ही गव्हातलीच एक शर्करा आहे, पण ती कांद्या-लसणातही भरपूर असते. ओस्लोमध्ये झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला ग्लूटेन सोसत नाही असं सांगणाऱ्या 59 जणांना कशात काय आहे ते न सांगता वेगवेगळे बार खायला दिले. ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टनच्या बारने त्यांना जास्त त्रास झाला. तुमचं तसं असेल तर तुम्ही पोळी सोडून भाकरीबरोबर कांदा खात बसाल आणि पोट का फुगतं ते कळणारच नाही.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची. उंची वाढत नाही, हिमोग्लोबिन 7.8. वर्षभर लोहाचं औषध देऊनही वाढलं नाही. आता टीटीजी 210 आलं आहे, बाजूला 20 पेक्षा कमी हवं असं लिहिलंय. डॉक्टर म्हणतात आणखी एक रक्त तपासणी करू, कदाचित दुर्बीण लागणार नाही. हे बरोबर आहे का? शिवाय आमच्या घरी ज्वारीच खातात, मग हा आजार आलाच कसा? (सोलापूर)

तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सिलिॲकचा पहिला मार तिथेच बसतो. वर्षभर औषध देऊनही रक्त का वाढलं नाही, त्याचं हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे.

युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये पहिल्यांदा मुलांना काही अटींवर बायोप्सीतून सूट दिली. 2020 मध्ये त्या अटी आणखी सोप्या केल्या. टीटीजी-आयजीए वरच्या मर्यादेच्या दहा पट किंवा जास्त हवं आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही रक्ताची आणखी एक अँटीबॉडी तपासणी पॉझिटिव्ह हवी. तुमची मर्यादा 20, दहा पट म्हणजे 200, मुलीचं 210. दुसरा नमुना मुद्दाम मागतात, कारण नळ्यांची अदलाबदल कुठेही होऊ शकते आणि निदान आयुष्यभराचं आहे.

ईएमए ही माझी आवडती तपासणी आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. माकडाच्या अन्ननलिकेचा अतिशय पातळ काप लावलेली स्लाइड असते. तिच्यावर मुलीच्या रक्तातलं सीरम घालायचं, धुवायचं, मग चमकणारा रंग जोडलेलं द्रव्य घालायचं आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. अँटीबॉडी असेल तर स्नायूंच्या धाग्यांभोवती हिरवी जाळी उजळते, मधाच्या पोळ्यासारखी. नसेल तर सगळं काळोखं राहतं. मशीनचा आकडा नाही, माणसाचा डोळा लागतो. म्हणून ती सराव असलेल्या लॅबमध्येच करावी.

तो नमुना देईपर्यंत मुलीचं खाणं अजिबात बदलू नका. बायोप्सी टाळायची की नाही हा निर्णय बालपोटविकारतज्ज्ञांनी तुमच्याशी बोलून घ्यायचा आहे.

आता ज्वारीचं. भाकरी ज्वारीचीच, पण चहाबरोबर बिस्किट, डब्यात मॅगी, सकाळी उपमा, पाहुणे आले की शिरा. गहू घरात येतोच. नुसता कमी आला की आजार दबून राहतो आणि उशिरा कळतो. हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना 1930 च्या दशकापासून गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांची सिलिॲकची मुलं त्या काळात सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 मध्ये त्यांनी हे प्रबंधात मांडलं.

भारतात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत उत्तरेत हे प्रमाण 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 निघालं. जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. त्यामुळे 'हा पंजाब-दिल्लीचा आजार' असं म्हणून आपल्याकडच्या मुलांच्या तपासण्या लांबवू नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

प्रश्न : वय 42. एका लॅबमध्ये टीटीजी 28 आलं (मर्यादा 20), दुसऱ्या लॅबमध्ये 9 (मर्यादा 10). कोणाचं खरं? (ठाणे)

दोन्ही खरे असू शकतात. प्रत्येक कंपनीच्या किटचं माप वेगळं असतं, त्यामुळे आकड्याशी आकडा जोडू नका. मर्यादेच्या किती पट आहे ते बघा. तुमचं एकीकडे जेमतेम दीडपट, दुसरीकडे मर्यादेच्या आत. इतकी थोडी वाढ यकृताच्या आजारात, एखाद्या संसर्गानंतर किंवा थायरॉइडसारख्या दुसऱ्या ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या) आजारातही दिसते.

तुमच्या बाबतीत बायोप्सी हवी. दुर्बीण घालण्याआधी डॉक्टरांना एक विनंती जरूर करा : लहान आतड्याच्या दुसऱ्या भागातून चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घ्या. झीज सगळीकडे सारखी नसते. माझ्या टेबलावर तपासायला कधी कधी एकच तुकडा येतो, तांदळाच्या कणीएवढा, तोही आडवा कापला गेलेला. आडव्या कापात निरोगी रसांकुरही आखूड दिसतात. अशा तुकड्यावरून कुणाला जन्माचं पथ्य लावायला माझं मन धजत नाही.

प्रश्न : मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. वजन वाढत नाही, शुगर कारण नसताना खाली जाते. टीटीजी दोनदा केलं, दोन्ही वेळा जवळपास शून्य. तरी डॉक्टर 'टोटल आयजीए करा' म्हणतात. आणखी खर्च कशाला? (कोल्हापूर)

कराच. टीटीजी-आयजीए ही आयजीए जातीची अँटीबॉडी आहे. ज्याच्या शरीरात आयजीए बनतच नाही, त्याचं टीटीजी शून्यच येणार. टोटल आयजीए म्हणजे रक्तातलं एकूण आयजीए, ते पुरेसं आहे का ते त्यातून कळतं. सिलिॲकच्या रुग्णांत शंभरात दोन-तीन जण असे असतात, म्हणजे इतरांपेक्षा कितीतरी जास्त. टाइप 1 मधुमेहात सिलिॲकही जास्त सापडतो, आणि अन्न नीट शोषलं गेलं नाही तर शुगर अशीच अचानक घसरते.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका मुलीचा निगेटिव्ह रिपोर्ट सही करून पाठवला होता. टोटल आयजीए कुणी मागितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. दीड वर्षाने ती अधिकच खंगून परत आली, तेव्हा आयजीए जवळजवळ नव्हतंच. ते दीड वर्ष माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या टीटीजीबरोबर टोटल आयजीए होतंच. मुलाचं ते कमी निघालं तर आयजीजी या दुसऱ्या जातीच्या अँटीबॉडीच्या तपासण्या, म्हणजे टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी करता येतात. गरज पडली तर बायोप्सी आहेच.

प्रश्न : एका पॅकेजमध्ये दोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' तपासणी होते. ती केली तर सिलिॲकही कळेल का? (पुणे)

नाही. त्यात अन्नाविरुद्धचं आयजीजी मोजतात, आणि ते तुम्ही नेहमी काय खाता एवढंच साधारण सांगतं. दूध, गहू, तूरडाळ लाल रंगात दाखवणारे असे रिपोर्ट घेऊन लोक येतात, तोवर मुलांचं अर्धं ताट बंद झालेलं असतं. गव्हाची ॲलर्जी हा आणखी वेगळा विषय आहे. त्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप. तिथे आयजीई या ॲलर्जीच्या अँटीबॉडीची किंवा त्वचेवरची तपासणी लागते. ग्लूटेनच्या नुसत्या संवेदनशीलतेसाठी मात्र रक्ताची कोणतीही तपासणी नाही.

प्रश्न : सिलिॲकचं निदान होऊन चौदा महिने झाले. घरात गव्हाचं काही येत नाही. तरी टीटीजी मर्यादेच्या चौपट आहे, सुरुवातीला बारा पट होतं. औषध बदलायचं का? (इंदूर)

औषध असं नाहीच, पथ्य हेच औषध. आकडा बारावरून चारवर आलाय, म्हणजे दिशा योग्य आहे. सुरुवातीला फार वर असेल तर खाली यायला दोन वर्षंही लागतात. तरीही चौदा महिन्यांनी चौपट म्हटल्यावर मी आधी स्वयंपाकघर तपासेन.

हिंगापासून सुरुवात करा. बाजारातला बांधणीचा हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात पीठ असतं आणि बरेचदा ते गव्हाचं असतं. रोजच्या फोडणीतून ते पोटात जातं. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो. मग मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी : दोन्हींत गहू घालायची आपली रीतच आहे. सातूच्या पिठाचंही तेच.

आणि गिरणी. गिरणीवाल्याने तुमच्या आधी कुणाचे पाच किलो गहू दळले असतील तर जात्यात आणि पिशवीत राहिलेलं ते पीठ तुमच्या ज्वारीत उतरतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ग्लूटेनमुक्त म्हणायला किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. साध्या गव्हाच्या पिठाच्या एका चमच्यात त्याच्या कितीतरी पट असतं. घरगुती चक्की घेता आली तर उत्तम. नाहीतर तांदूळ आणि ज्वारी घरी निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरवर थोडी थोडी करा.

एवढं करून सहा महिन्यांनी पुन्हा टीटीजी करा, आणि ते पहिल्याच लॅबमध्ये. तरीही खाली आलं नाही तर आहारतज्ज्ञांसमोर सात दिवसांच्या खाण्याची वही ठेवा, औषधांच्या गोळ्यांसकट. मग दुर्बिणीचं बघू.