आय३-४१३०, एच८१ बोर्ड आणि १०५० टीआय: ओव्हरक्लॉक करून गेममधले एफपीएस वाढतील का?

प्रोसेसर ओव्हरक्लॉक होणारच नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येणार नाही, १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होईल, पण त्यातून मिळणारे एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) थोडेच असतील. आय३-४१३० या प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) ३.४ गिगाहर्ट्झला लॉक आहे, त्यामुळे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) सेटिंग शोधत बसू नका. कार्डसाठी आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, कोर क्लॉक (कार्डच्या चिपचा वेग) २५-२५ मेगाहर्ट्झने वाढवा, स्क्रीनवर रंगीत ठिपके आले किंवा गेम बंद पडला की एक पायरी मागे या, आणि हे टेस्टिंग रात्री एसी लावून नको, ठाण्यात मे महिन्याच्या दुपारी जे टिकतं तेच खरं. बऱ्याच १०५० टीआयला वेगळी पॉवर केबल नसते, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉटच मिळतात, म्हणून मर्यादा लवकर येते.

इथे असेंबल्ड पीसी रिपेअर करतो त्यावरून सांगतो, अशा मशीनमध्ये अडतं ते बहुतेक प्रोसेसरच्या दोन कोरपाशी. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर बघा, सीपीयू १०० टक्के आणि कार्ड ६०-७० वरच रेंगाळत असेल तर कार्ड कितीही ताणा, काडीचा फरक पडणार नाही. मग सरळ ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर सेकंड हँड आय५-४५७० शोधा, सॉकेट तोच आहे म्हणजे याच बोर्डवर बसतो, चार खरे कोर मिळतात आणि पैसे सत्कारणी लागतात. रॅमची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी पण घ्या. फक्त घेण्याआधी बोर्ड कंपनीच्या साईटवर सपोर्ट लिस्ट (कोणते प्रोसेसर चालतात त्याची यादी) बघा, बायोस जुना असेल तर आधी आय३ वरच अपडेट करून घ्या.