पाम, रबर, निलगिरी लावल्याने कीटकांचं काय बिघडतं? शेवटी झाडंच ना ती?

'शेवटी झाडंच ना ती' हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. आमचे थोरले चुलतभाऊ, नाना, नेमकं हेच म्हणतात.

आमचं शेत नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात. वर द्राक्षबाग, खाली नाल्याकडच्या तुकड्यात घरच्या बियाण्यासाठी डोंगळे, म्हणजे फुलावर सोडलेला कांदा. नाल्याच्या काठाला करंज, उंबर, पांगारा, बोरी आणि कुणी न लावलेली कसली कसली झुडपं. जुन्या करंजाच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांची वसाहत होती. नानांना बाग वाढवायची होती. त्यांनी जेसीबी लावून काठ सपाट केला आणि 'झाडाला झाड दिलं' म्हणत निलगिरीची रांग उभी केली. सरळ, उंच, हिरवीगार.

द्राक्षाला काही फरक पडला नाही, पडणारही नव्हता. त्याचं परागीभवन त्याचं त्यालाच होतं, मधमाशीवाचून अडत नाही. कांद्याचं तसं नसतं. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो, स्त्रीकेसर मागून तयार होतो. त्यामुळे या फुलाचा पराग त्या फुलावर नेणारं कुणीतरी लागतंच. पूर्वी फेब्रुवारीत ऊन चढलं की डोंगळ्यात नुसतं उभं राहिलं तरी गुणगुण ऐकू यायची. काठ गेला तशी ती कमी होत गेली. कांद्याच्या फुलांचा गोंडा तळहातावर चोळला की काळंभोर बी पडायचं, तिथे फोलपटं आणि पोचट दाणे यायला लागले. आई पाखडायला बसली की सुपातलं बरंचसं वाऱ्यावर जायचं.

नाना म्हणाले, हवामान बदललं. वर म्हणाले, फुलपाखरं तर दिसतात की घाणेरीवर! इथेच लोकांची फसगत होते. फुलपाखरू मध कुठेही पितं, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाड लागतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत घ्या. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, घाणेरीवर नाही. वड, पिंपळ, उंबर यांतल्या प्रत्येकाची परागीभवन करणारी चिमुकली गांधीलमाशी वेगळी. झाड तोडलं की ती शेजारच्या निलगिरीवर बिऱ्हाड हलवत नाही, संपते. सातेरीला पोळं करायला पोकळी लागते आणि ती जुन्या झाडात असते, कोवळ्या रोपात नाही.

हेच मलेशिया-इंडोनेशियात लाखो हेक्टरांवर झालंय. जंगल तोडून एकाच वयाचा, एकाच उंचीचा तेलाचा पाम लावला की सावली विरळ होते, जमीन तापते, पाचोळ्याचा ओलावा जातो. पाचोळ्यात जगणाऱ्या मुंग्या आणि भुंगेरे आधी जातात. मोठे प्राणी गेले की त्यांच्या शेणावर जगणारे शेणकिडेही जातात. उरतात ते कुठेही जगणारे. तिथल्या पामबागांत पिवळी वेडी मुंगी माजते ती अशीच. २००८ च्या एका शास्त्रीय आढाव्यात सगळे प्राणिगट धरून हिशोब मांडला होता: मूळ जंगलातल्या जातींपैकी सरासरी जेमतेम १५ टक्के पामबागेत सापडल्या. आणि पाम मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. मलेशियात झाड आणलं, त्याचा परागीभवन करणारा भुंगा मागे राहिला, म्हणून मजूर हाताने परागीभवन करत होते. शेवटी १९८१ मध्ये कॅमेरूनचा भुंगा आणून सोडला. झाड आणि त्याचा कीटक ही जोडी असते हे तेलाच्या कंपन्यांना कळतं, आमच्या घरात कळत नाही.

रबराबद्दल फार लिहीत नाही, एकसुरी लागवडीचा हिशोब तोच. कर्नाटकातल्या कोडगूची (कूर्गची) कॉफी मात्र निराळी. देशी झाडांच्या सावलीत कॉफी असेल तर बरेच कीटक टिकतात. ती झाडं काढून सगळीकडे परदेशी सिल्व्हर ओक लावला की तिथेही उतरती कळा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२१ च्या खाद्यतेल अभियानात पामसाठी ईशान्य भारत आणि अंदमानवर भर दिलाय. माझ्या मते हा सरळ सरळ चुकीचा निर्णय आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो. निलगिरीच्या मोहोरावर मधमाश्या येतात, तो मधही चांगला असतो. पण मोहोर थोडे दिवस, उपास बाकी वर्षभर. शिवाय आमचं बी पोचट होण्यात फुलकिडे, करपा आणि बागेतल्या फवारणीचाही हात असणार, एकट्या काठावर सगळं ढकलत नाही. ओसाड माळावर लागवड करणं आणि उभं जंगल तोडून करणं यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तुम्ही शेतकरी असाल तर बांधावरची जुनी ढोलीची झाडं राखा, करंज आणि बोर वाढू द्या, कांदा फुलात असताना फवारणी संध्याकाळी करा. नाना म्हणतात, बांधाची जागा वाया जाते. काठ सपाट करून द्राक्षाच्या किती ओळी वाढल्या आणि आता दरवर्षी विकतच्या कांदा बियाण्याला किती पैसे जातात, ते त्यांनी एकदा वहीत शेजारी शेजारी लिहावं. मी कधीपासून मागतोय तो हिशोब.